फौजी लढाईवर होता तेव्हा

मिरचीचा तोडा सुरू झाला की फौजिणीच्या हातांची आग विझायची नाही. तेल लावा, राख चोळा, गार पाण्यात बुडवून बसा, बोटं आपली जळतच राहायची. चुकून हात डोळ्याला लागला तर भर दुपारी चांदण्या दिसायच्या. त्या वर्षी तर पावसानं लवकरच पाठ फिरवलेली. झाडांना मिरच्या लागल्या होत्या, पण पानं दुपारी कान पाडून उभी राहायची. चार-दोन पाणी मिळाली तर पीक हाताला लागणार होतं, नाहीतर सरपण.

पाणी होतं, पण ते थोरल्याच्या हातात होतं. थोरला म्हणजे तिचा दीर. विहीर सासऱ्यानं खणलेली, काठावरची खोलीही त्यानंच बांधलेली, दोन्ही दोघा भावांची सामाईक. पण पंप थोरल्याचा, पंपाच्या खोलीची किल्लीही त्याच्याच कमरेला. दोन दिवस त्याची पाळी, मग एक दिवस यांची. विहिरीला लागून असलेलं खालचं काळं शेतही तोच कसायचा. फौजीकडे वरचं, मुरमाड रान. वाटणी अशी कशी झाली हे कुणी विचारत नसे, आणि फौजी तर अजिबात नाही. लढाईवरून तो परत आला तेव्हा दादानं सांगितलं, "तू नव्हतास, रान पडीक टाकायचं का? तुझ्या बायकोनं राजीखुशीनं माझ्याकडे दिलं. तिला सांभाळलं, रान सांभाळलं." फौजीनं मान हलवली. त्यानंतर तीस-एक वर्षं तो मान हलवतच होता.

लढाईवरून आला म्हणून त्याला फौजी म्हणू लागले आणि त्याचं खरं नाव गाव विसरून गेलं. त्याची बायको म्हणून ती फौजीण. लेक लग्न होऊन दूर गेली होती. घरात ही दोघं, एक बैल आणि एक कधीही न लागणारं दार. फौजी घराचं दार लावू देत नसे. थंडी असो, वारा असो, दार सताड उघडं. कुत्रं येऊन भाकरी पळवायचं, कोंबड्या पिठात नाचायच्या, आणि थंडीत तिचे गुडघे धरायचे. यावरून तिनं आयुष्यभर तोंड वाजवलं होतं. "विसरलो," एवढंच तो म्हणायचा.

तर अशा दिवसांत शाळेतली बाई शेतावर आली. नवी होती, बदली होऊन आलेली, इतिहास शिकवायची. चपला हातात घेऊन सरीतून चालत आली आणि बांधावर उभी राहून म्हणाली, "काका, तुम्हाला वर्गात बोलवायला आलेय."

"मला? का?"

"पुस्तकात तुमच्या लढाईबद्दल दीड परिच्छेद आहे. कधी सुरू झाली, कधी संपली. मधे माणूसच नाही एकही. पोरं पाठ करतात आणि विसरतात. गावातून इतके जण गेले होते म्हणे, म्हटलं त्यांनाच बोलवू."

फौजी खुरपं हातात फिरवत राहिला. "मला बोलता येत नाही, बाई."

"यांचं बोलणं ऐकायचं असेल तर बैलाजवळ उभ्या राहा," फौजीण ओळीतूनच म्हणाली. "माझ्याशी वर्षभरात बोलत नाहीत तेवढं त्याच्याशी एका दिवसात बोलतात."

बाई हसली. पण जागची हलली नाही. शेवटी फौजीच म्हणाला, "येतो. पण दुपारच्या आत सोडा. आमची पाण्याची पाळी आहे त्या दिवशी."

त्या दिवशी त्यानं धुतलेला सदरा घातला, दाढी केली, गालावर कापून घेतलं आणि शाळेत गेला. ऊन डोक्यावर आलं तरी परतला नाही. इकडे पंप सुरू झालेला. पाणी पाटातून आलं, आणि एकटी फौजीण फावडं घेऊन या सरीतून त्या सरीत पळू लागली. एका सरीचं तोंड, म्हणजे बारं, बांधावं तर दुसरं फुटायचं. शेवटी पाणी वाटेवर पसरलं तशी तिनं फावडं टाकलं, चिखलाचे पाय तसेच घेऊन ती शाळेकडे निघाली. वाटभर मनात शब्द जुळवत होती, काय काय सुनावायचं त्याचे.

वर्गाची खिडकी उघडी होती. आत फौजी खुर्चीवर अंग चोरून बसला होता, जणू खुर्ची दुसऱ्याची आहे आणि मालक केव्हाही येईल. एक पोर विचारत होतं, "आजोबा, तुम्ही किती माणसं मारली?"

"माहीत नाही रे. मी ट्रकमधून पेट्या उतरवायचो. पेट्यांत गोळ्या असायच्या. पुढे त्यांचं काय झालं ते मी पाहिलं नाही."

पोरांची निराशा झाली. फौजिणीनं हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो पुढे बोलू लागला. एवढी लांब वाक्यं त्याच्या तोंडून तिनं कधी ऐकली नव्हती.

"आमचा ट्रक पेटला. आम्ही काही जण उडी मारून वाचलो, पण पकडले गेलो. त्यांनी आम्हाला धान्याच्या कोठारात कोंडलं. खिडकी नव्हती. दार बाहेरून बंद. माझ्याजवळ एक पोरगा होता, शिंप्याचा. आमचे सगळ्यांचे फाटके सदरे तोच शिवायचा. त्याला ताप चढला. पाणी मागत होता. आम्ही दार वाजवलं. हातांनी वाजवलं, मग लाथांनी. बाहेर माणसं होती, बोलताना ऐकू यायची. कुणी उघडलं नाही. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दार उघडलं तेव्हा मला उठता येईना. मांडी बधिर झालेली, आणि डोकं खाली ठेववेना."

फौजीनं गालावरच्या कापल्या जागी बोट फिरवलं.

"तेव्हापासून मी दार लावत नाही. आमची मंडळी ओरडते. तिला वाटतं मला विसरायची खोड आहे."

एक-दोन पोरं हसली. बाहेर फौजिणीनं खिडकीचा गज धरला. जुळवून आणलेले शब्द कुठल्या कुठे गेले. तिला आठवली ती तिची भांडणं. एकदा तिनं रागानं दाराला आतून दोरी बांधली होती, तेव्हा तो घामाघूम होऊन अंगणात जाऊन बसला होता. आणि ती म्हणाली होती, "म्हातारचळ लागलाय." तेव्हा तो म्हातारा तरी कुठं होता!

खिडकीजवळच्या बाकावर थोरल्याची नात बसायची. दोन वेण्यांची, चौकस. तिनं मान वळवली. "आजी!" आणि मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारलं, "आजोबा तिकडे होते तेव्हा तू कुठं होतीस?"

सगळी पोरं खिडकीकडे बघू लागली. बाईही.

"कुठं असणार?" फौजीण म्हणाली. "इथंच. चला हो, पाणी वाया चाललंय."

वाटेनं ती पुढे, तो मागे. लढाईत त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गारठ्यानं गेली होती, त्यामुळे तो जरा कलून चालायचा. शेतात आल्यावर दोघांनी फावडी घेतली. अर्धं रान भिजलं. मग मान न वळवताच ती म्हणाली, "पोरांना सांगितलंत. मला नाही."

फौजीनं बारं बांधलं, माती पायानं दाबली.

"त्यांनी विचारलं," तो म्हणाला.

यावर तिला तोंड फाडून बोलायचं होतं. मी काय कमी विचारलं? पण ती ओरडली होती. ओरडणं म्हणजे विचारणं नव्हे, हे तिचं तिलाच कळलं, आणि कळल्यामुळे राग आणखीच चढला. कारण मग दुसरंही तिच्या ध्यानात आलं. त्यानं तरी तिला कुठं विचारलं होतं? परत आला तेव्हा हाडांचा सापळा होता. त्याला खायला घालावं, न्हाऊ घालावं, की आपलं रडगाणं ऐकवावं? थोरला म्हणाला, "सांभाळलं," तिनं खाली मान घातली, आणि ते तसंच राहिलं. मग पाणी थोरल्याचं, पंप थोरल्याचा. पाण्यात राहून माशाशी वैर करून कसं चालेल? असं करता करता केस पिकले.

नातीचा तो प्रश्न मात्र कुसळासारखा रुतून बसला. मिरच्या तोडताना, पोती शिवताना, बैलाला चारा टाकताना तो टोचायचा. कुठं होतीस? दाराबद्दल ती आता काही बोलेना. कोंबड्या पिठात शिरल्या तरी तिनं नुसतं हुसकलं. फौजीला त्याचंच जास्त भ्या वाटू लागलं.

आठवड्यानं फौजी तोड्याच्या वेळी हसतमुखानं येऊन म्हणाला, "बाई आता दादाला बोलावतायत. नातीनं सांगितलं घरी, तर दादा स्वतःच म्हणाला, मी येतो. सैनिकाच्या मागे घर कसं उभं राहिलं ते पोरांना कळायला नको का?"

फौजिणीच्या हातातली मिरची मोडली.

"काय सांगणार आहेत भाऊजी?"

"हेच, तुला कसं सांभाळलं, रान कसं राखलं. तूही चल. बाईंनी बोलावलंय."

"मला तोडा आहे."

"एक दिवस राहू दे की. दादाचा मान आहे."

ती गेली. मागच्या बाकावर, पोरांच्या मागे बसली. बाक ठेंगणा, गुडघे हनुवटीला लागायचे. फौजी भिंतीला टेकून खाली बसला. थोरला खुर्चीवर असा बसला की खुर्ची त्याचीच. अंगात कोट, हातात काठी. हेडमास्तरही दारात येऊन उभे राहिले, कारण थोरला शाळेच्या कमिटीवर होता.

थोरल्याला बोलता यायचं. त्यानं सांगितलं, बातमी आली तेव्हा गावावर कसा डोंगर कोसळला. रजेवर आलेला एक जवान म्हणाला, ट्रक जळताना मी पाहिला, त्यातलं कुणी वाचलं नाही. "मी रडलो नाही," थोरला म्हणाला. "घरचा कर्ता रडला तर बाकीच्यांनी काय करायचं? ही माझी भावजय. पदरात मूल नाही, पाठीशी कुणी नाही. मी तिला म्हटलं, तू माझी मुलगी. मुलीसारखी ठेवली तिला. रान पडू दिलं नाही. भाऊ परत आला तेव्हा सगळं जसंच्या तसं त्याच्या हवाली केलं. मुलांनो, याला म्हणतात कर्तव्य. लिहून घ्या."

पोरांनी माना खाली घातल्या आणि ती लिहू लागली. पेन्सिलींची कुरकुर ऐकू आली. थोरल्याची नात सगळ्यात पुढे, जीभ दातात धरून लिहीत होती.

फौजीण उभी राहिली. उभं राहायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. नंतर ती सांगायची, गुडघ्यांना रग लागली म्हणून उठले.

"ते लिहू नका," ती म्हणाली.

बाईनं मान वर केली. "काय झालं, काकू?"

"ते लिहू नका पोरांनो. तुम्ही खरं धराल."

थोरला हसला. "बस, बस. बायकांचं काय असतं, जुनं आठवलं की..."

"भाऊजी, तुम्ही बोललात. मी मधे बोलले नाही." मग ती नातीकडे वळली. "तू मला विचारलं होतंस ना, मी कुठं होते? मी गोठ्यात होते. तुमच्या घरामागे आता ट्रॅक्टर लावता ना, तिथं गोठा होता. तो जवान सांगून गेला, त्याच दिवशी माझं अंथरूण खोलीतून गोठ्यात गेलं. खोलीत धान्य ठेवायचं होतं. भाऊजी म्हणाले, धान्याला ओल लागते."

"बाई," दारातून हेडमास्तर म्हणाले, "हे अभ्यासक्रमात नाही. घरातलं घरी..."

बाईचा चेहरा पडला होता. पण ती म्हणाली, "सर, बोलू द्या त्यांना. मीच बोलावलंय."

फौजीण आता थोरल्याकडे बघत नव्हती. समोरच्या फळ्याकडे बघत होती, तिथं लिहिलेलं वाचता येत असल्यासारखी.

"बैल नेले. खालचं रान नेलं. म्हणाले, माहेरी जा. मी गेले नाही. हे मेलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले नव्हते. वरचं रान मला सोडलं, त्यात दगडच होते. कोळपायला बैल नाही. मग एका शेजारणीनं मागे कोळप्यावर जोर दिला आणि पुढं दोरी मी ओढली. खांद्यावर दोरी." तिनं हात खांद्यावर नेला आणि काढून घेतला. "व्रण आहे अजून. दिवसा माझं रान, नाहीतर दुसऱ्यांच्या रानात रोजंदारी. गोठ्यात जी म्हैस होती तिला वेळेवर चारा मिळायचा. मला माझा मिळवावा लागायचा."

"तीस वर्षांनी सुचलं हे?" थोरल्याचा आवाज चढला.

"आणि हे जिवंत आहेत अशी खबर आली," ती तशीच पुढे म्हणाली, "तेव्हा माझं अंथरूण परत खोलीत आलं. भाऊजींनी स्वतः उचलून आणलं. तेवढं मात्र खरं आहे. ते लिहा."

ती खाली बसली. बाक करकरला. थोरल्यानं काठी उचलली, उठताना खुर्ची मागे पडली, ती कुणी उचलली नाही. जाताना तो नातीला म्हणाला, "चल घरी." ती उठली नाही. पेन्सिल हातात तशीच धरून बसली होती. थोरला एकटाच गेला.

फौजी भिंतीशी बसून आपल्या पायांकडे बघत होता. घरी जाताना तो या खेपेला पुढे चालला, ती मागे. घरी पोचल्यावर त्यानं सदरा काढून खुंटीला लावला, फावडं खांद्यावर टाकलं आणि रानात निघून गेला. फौजिणीनं चूल पेटवली खरी, पण तवा न ठेवताच ती बसून राहिली. बोलून तर बसले. आता?

आता काय ते पुढच्याच पाळीला कळलं. पंपाच्या खोलीला मुठीएवढं कुलूप. जाऊबाई अंगणात धुणं वाळत घालत होती, तिथूनच म्हणाली, "पाणी का? तुमच्या त्या बाईला विचारा. बोलायला शिकवते तशी पाणीही देईल."

मग दोघांनी ओढ्यात खड्डा खणला. थेंब थेंब पाझरायचं ते पाणी वाटीनं उपसून घागरीत भरायचं, गाळून घ्यायचं आणि चढावरून रानात न्यायचं. फौजीनं कावड केली. उजव्या पायावर भार देत, कलून, तो चढ चढायचा. पाणी हिंदकळून निम्मं त्याच्याच अंगावर सांडायचं. ती डोक्यावर घागर घेऊन मागून. एकेका झाडाच्या बुडाशी तांब्याभर पाणी. पोचेपर्यंत मागची ओळ पुन्हा सुकलेली. गावात सगळ्यांना कळलं होतं, वाटेत लोक थांबून बघायचे. कुणी म्हणायचं, "बरं केलंस गं," आणि कुणी म्हणायचं, "घराची अब्रू शाळेत का मांडायची?" घागर मात्र कुणी धरली नाही. उन्हाचे दिवस, ज्याला त्याला आपली कामं.

बाईलाही सुटका नव्हती. कमिटीनं तक्रार केली, वरून साहेब आला. त्यानं विचारलं, "पुस्तक संपलं का तुमचं?" बाई म्हणाली, "संपलं." "मग पुन्हा शिकवा," साहेब म्हणाला. हे बाईनंच फौजिणीला येऊन सांगितलं, आणि म्हणाली, "काकू, माझ्यामुळे झालं हे. मी चौकशी न करता त्यांना बोलावलं."

"तुमच्यामुळे कुठं?" फौजीण म्हणाली. "खुर्ची तुमची, तोंड माझं." आणि तिला घागर उचलून द्यायला सांगितलं. बाईनं उचलली, तिचा तोल गेला, दोघी भिजल्या. त्या दिवसांत फौजीण हसली ती तेवढी एकदाच.

ओढ्यापासून लांबचा कोपरा आधी गेला. झाडं उभी होती, पण मिरच्या हाताला लावताच गळून पडू लागल्या. फौजीण एका झाडापाशी खाली बसली. पानं चुरून बघितली. हाताची आग, खांद्याची ठणक, सगळं एकदम वर आलं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "इतकी वर्षं गप्प होते, आणखी चार महिने राहिले असते तर पीक जगलं असतं."

फौजी कावड घेऊन उभा होता. त्यानं ती खाली ठेवली, पाणी सांडणार नाही अशी जपून. रानातल्या झोपडीत जाऊन कुदळ घेतली.

"अहो, कुठं?"

तो चालू लागला. ती मागून धावली. तिला वाटलं, आता डोकी फुटणार.

थोरला ओट्यावर बसला होता. फौजी खालीच अंगणात थांबला. कुदळ पायाशी टेकवली.

"दादा, हिला गोठ्यात ठेवलंस?"

"तू मेला होतास," थोरला म्हणाला. चिडून नाही, हिशेब समजावून सांगावा तसा. "सगळ्या गावानं मानलं होतं. मेलेल्याच्या बायकोला काय पलंगावर बसवायचं? उद्या ती दुसरा करून गेली असती, रान घेऊन. मला माझी पोरं नव्हती?"

"मी कोठारात होतो," फौजी म्हणाला. "मला वाटायचं, निदान ती घरात असेल. त्याच्यावर मी जगलो."

थोरल्यानं कमरेची किल्ली चाचपली.

"किल्ली दे."

"नाही देणार."

"बरं," फौजी म्हणाला आणि विहिरीकडे वळला.

कुलूप मजबूत होतं, पण दाराची चौकट जुनी, वाळवी लागलेली. त्यानं कुदळीचा पहिला घाव घातला तेव्हा सगळा भुसा उडाला. दुसऱ्याला कोयंडा वाकला. आतापर्यंत चार माणसं जमली होती. थोरला काठी घेऊन आला, "पोलीस बोलवीन! बापाच्या मालावर घाव घालतोस!"

"बापाचाच आहे," फौजी म्हणाला. "माझ्याही बापाचा." आणि तिसरा घाव घातला. कोयंडा कुलपासकट खाली पडला. कुलूप तसंच लागलेलं.

थोरल्याचा मुलगा ट्रॅक्टरवरून उतरून आला. नातीचा बाप. दांडगा गडी, मनात आणलं असतं तर काकाला उचलून बाजूला ठेवला असता. त्यानं पडलेलं कुलूप पायानं उलटवलं. मग बापाला म्हणाला, "राहू द्या बाबा. पोरगी आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीये. लोक बघतायत." एवढं बोलून तो पुन्हा ट्रॅक्टरवर जाऊन बसला, पण सुरू केला नाही. थोरला काठीवर जोर देऊन उभा राहिला. बराच वेळ. मग त्याला कुणीतरी दगडावर बसवलं.

फौजीनं पंप सुरू केला. पाईप खोकला, त्यातून हवा आली, गाळ आला, मग पाणी. फौजीण पाटाच्या कडेनं पाण्याच्या पुढे पुढे पळाली, बारं मोडायला.

पीक पुरतं वाचलं नाही. कोपरा गेलाच, आणि उरलेल्यातही मिरची बारीक आली. खालच्या रानाचं म्हणाल तर फौजीनं मोजणीचा अर्ज केला. मोजणीदार एकदा आला, साखळी ओढून गेला, अजून काही ठरलेलं नाही. थोरला आणि ते बोलत नाहीत. पाळी मात्र ठरल्याप्रमाणे चालते, आणि पंपाच्या खोलीला दारच नाही आता.

बाईनं इतिहासाचं पुस्तक साहेबानं सांगितल्याप्रमाणे पुन्हा शिकवलं. पण शाळा सुटल्यावर ज्यांना थांबायचं त्यांनी थांबावं, असंही सांगितलं. निम्मी पोरं थांबू लागली, थोरल्याची नातही. आधी लढाईत एक पाय गमावलेला सुतार येऊन बोलला. मग एका जवानाची आई आली, तिला बोलायला जमलं नाही, ती नुसती बसून गेली. मग बाई पुन्हा बांधावर आली. "काकू, तुमचं त्या दिवशी अर्धंच राहिलं."

"माझं संपलं की."

"पोरं म्हणतात राहिलंय. शेजारीण कोण होती, दोरी कसली होती, विचारून विचारून डोकं खातात."

फौजीण फौजीकडे बघू लागली. पाण्याचीच पाळी होती आणि दोघांचं काम. तो पाटात पोटरीभर पाण्यात उभा होता.

"जा तू," तो म्हणाला. "मी धरतो बारं."

"एकट्याला नाही जमायचं. मी केलंय ना, मला माहितीय."

"फुटलं तर फुटलं."

तिनं हातपाय धुतले, पदर झटकला. बाई पुढे गेली. फौजीण बांधावर चढली तेव्हा मागून त्यानं हाक मारली.

"अगं."

"काय?"

तो खाली वाकून सरीतली माती ओढत होता. "सगळं सांगून टाकू नकोस त्यांना. थोडं मला ठेव."

"विचाराल तर सांगीन," ती म्हणाली. "आपणहून नाही सांगणार."

तो सरळ झाला. फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले. काय विचारावं ते त्याला सुचत नसावं, किंवा कुठून सुरू करावं ते. पाणी त्याच्या पायांवरून पुढच्या सरीत निघालं होतं, ते त्यानं अडवलं नाही.

"त्या गोठ्यात," तो म्हणाला, "थंडी वाजायची का?"

शाळेची घंटा झाली. बाई वळून थांबली होती, लांबवर.

"वाजायची," फौजीण म्हणाली. आणि बांधावर बसली.